नातीच्या वाट्याची वाहवा

"वा बेटा, वा!" बैठकीतून बाबांचा आवाज आला आणि माझं डोकंच फिरलं. मी कूलरमध्ये ओतायला पाण्याची बादली भरत होतो, ती तशीच नळाखाली सोडली आणि जाऊन पाहिलं. माझी अकरा वर्षांची मुलगी खंजिरी वाजवत होती. काय वाजवत होती! ठेका एकीकडे, हात भलतीकडेच. आणि माझे बाबा, ज्यांनी वलगावच्या भजनी मंडळात एका चुकलेल्या थापेपायी चांगली बापेमाणसं उठवून लावली, ते मान डोलावत बसले होते.

आई गेल्यापासून बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे अकोल्याला येतात. यंदा पिशवीत दोन धोतरं आणि ती जुनी खंजिरी घेऊन आले. त्याच दिवशी नात त्यांना चिकटली. बायको म्हणाली, "किती छान जमलं हो आजोबा-नातीचं." छान! काय डोंबल छान? मला माझ्या बापानं उभ्या जन्मात एकदा तरी 'वा' म्हटलं असतं, तर मीही छान म्हटलं असतं.

मला त्यांनी कसं शिकवलं ते सांगतो. वावरातून आले की हातपाय धुऊन ओसरीत बसायचे. आधी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून खंजिरी शेकायची, कातडं ताणून खणखणीत झालं की ती माझ्या हातात द्यायची. ते गाणार, मी ठेका धरणार. चुकलं की पाठीत धपाटा. बरोबर आलं की काही नाही, पुढची ओळ. शेजारची पोरं क्रिकेट खेळायची आणि मी मार खायचो. तरी मला खंजिरीचं वेड होतं. शाळेत बाकावर बोटं वाजवायचो, जेवताना ताटावर वाजवायचो. आई ओरडायची, तर बाबा म्हणायचे, "वाजवू दे त्याले."

मग आमच्या गावात भजनाच्या स्पर्धा भरल्या. आजूबाजूच्या गावांची मंडळं आली होती आणि मी पहिल्यांदा पुढे बसून वाजवणार होतो. दुपारी उन्हानं कातडं तडकेल म्हणून मी खंजिरी गार जागी ठेवली. कुठे, तर पाण्याच्या माठाला टेकवून! मोठी काळजी घेतली असं मला वाटत होतं. संध्याकाळी मांडवात पहिली थाप मारली आणि आवाज आला भद्द. ओल लागून कातडं पार सैल पडलं होतं. बाबांनी सगळ्या मंडळादेखत माझ्या कानाखाली वाजवली, खंजिरी काढून घेतली आणि दुसऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती शेकली आणि वाजवली. मी घरी निघून आलो. त्यानंतर त्यांनी मला कधी 'वाजव' म्हटलं नाही आणि मीही कधी मागितली नाही.

आता ऐका. परवा आमच्या या छोट्या बाईसाहेबांनी वाजवून झाल्यावर खंजिरी ठेवली ती कूलरच्या तोंडाशी. खंजिरीला म्हणे गरम होत असेल! सगळी दुपार ओला वारा खाऊन तिचं व्हायचं तेच झालं. मी मुद्दाम तिथेच थांबलो. म्हटलं, आता कळेल पोरीला तिचा आजोबा काय चीज आहे.

तर बाबा हसले. चक्क हसले. "अवो, खंजिरीले सर्दी झाली!" म्हणाले आणि नातीला घेऊन स्वयंपाकघरात गेले, गॅस बारीक केला आणि खंजिरी दुरून शेकायला लागले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"हसून काय राहिले, बाबा?"

"लेकरू हाय. चुकते."

"आन मी काय म्हातारा होतो? माठाजवळ ठेवली तर मांडवात मारलं होतं मले! भर लोकांत!"

मग मी थांबलोच नाही. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं ओकून टाकलं. बायकोनं मिक्सर बंद केला. बाबा खंजिरी आचेवर फिरवत राहिले. माझं बोलून संपल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले येत होतं बे. म्हनून हात उचलला. हिले नाही येत. हिच्यावर काय रागावू?"

घ्या! मिळाली एकदाची वाहवा. आणि मिळाली कशी, तर माझ्या पोरीला पायाखाली घालून. ती तिथेच ओट्याला टेकून उभी होती. मला वाटलं, या माणसाला आताच्या आता परत वलगावच्या गाडीत बसवावं.

"म्हंजे तुमी खोटं खोटं वा म्हनत होते, आबा?" पोरीनं विचारलं.

"तसं नाही, बेटा..."

"तसंच हाय! मी मैत्रिणींना सांगितलं मले येते म्हनून. पप्पाले रागावले, तर मले काहून नाही? मी काय पाहुनी हाय का?"

डोळे भरले होते, पण नाकपुड्या फुगल्या होत्या. आमच्या घराण्याचं नाक. तिनं गॅस बंद केला, त्यांच्या हातातून खंजिरी घेतली आणि बैठकीत जाऊन मांडी घातली. "आता शिकवा. चुकलं तर चुकलं म्हना."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांचा राग येत होता आणि या येड्या पोरीचाही. ज्यातून मी जीव घेऊन पळालो, तेच ही मागत होती. "शिकवा," मी म्हणालो, "पण हात उगारला तर याद राखा." आणि दोघांच्या मधे बसलो.

तिनं थाप मारली. "चुकलं," बाबा म्हणाले. पुन्हा मारली. "चुकलं." तरी ती उठली नाही. बाबा मला म्हणाले, "तू टाळी धर. तिले ऐकू दे."

मी धरली. हातांना सगळं आठवत होतं, त्याचाही मला संताप आला. ती माझ्या तळव्यांकडे टक लावून पाहत होती. एक थाप बरोबर टाळीवर पडली, दुसरीही पडली, आणि तिसरी गेली भलतीकडे.

"चुकलं!" आम्ही बापलेक एकदमच ओरडलो.