‘समजते’ खोडणारे सर

सरांना कॉलेजात पाठीमागे सगळे ‘समजते सर’ म्हणत. बातमी कशी लिहावी हे शिकवण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी तरी त्या एका शब्दाशी भांडण्यात. पोरं लिहायची, ‘पुलाचे काम रखडल्याचे समजते.’ सर ‘समजते’भोवती लाल गोल काढायचे आणि विचारायचे, कुणाला समजतं? तुम्हाला कोण बोललं? त्याचं नाव लिहा, नाहीतर स्वतः जाऊन बघून या. हात झटकून मोकळं व्हायचं असलं की माणूस ‘समजते’ म्हणतो, असं त्यांचं ठाम मत.

घरीही सुटका नव्हती. बायको स्वयंपाकघरातून सांगायची, "जेवण तयार असल्याचे समजते. खरंखोटं स्वतः येऊन बघा."

हल्ली मात्र सगळं पालथ्या घड्यावर पाणी झालं होतं. वर्गात खुर्च्या चाळीस आणि पोरं नऊ. त्यांतली आठ फोनमध्ये मान घालून. बातमी आता तिथेच जन्मते, तिथेच मरते, तिला ना आई ना बाप. सर फळ्यावर लिहायचे, खडूची पूड स्वतःच्याच बाहीवर पाडून घ्यायचे आणि घरी यायचे. आपण दळतोय ते कुणासाठी, हेच त्यांना कळेनासं झालं होतं.

नववी ती चिमणी. आवाज एवढासा, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. पण पोरगी कामाला चिवट. कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात अकरा जणी जुलाबाने आडव्या झाल्या, तेव्हा ही लोखंडी शिडीने गच्चीवरच्या टाकीवर चढली. टाकीला झाकण नव्हतं आणि आत कबूतर मरून फुगलं होतं. उतरली ती तडक नळवाल्याकडे गेली, मग दवाखान्यात डॉक्टरीणबाईंकडे, मग अकराच्या अकरा जणींच्या खाटांशी जाऊन बसली. झाकण दोन महिन्यांपूर्वीच फुटलं आणि मी ऑफिसात तसा अर्ज दिला, हे नळवाल्याने तारखेसकट सांगितलं. चिमणीने सगळं नावानिशी लिहिलं. सरांनी लाल पेन उघडलं, बातमी दोनदा वाचली आणि पेन तसंच बंद करून ठेवलं. असं आजवर तीनदा झालं असेल नसेल.

वर्गाचा चार पानी अंक सहामाहीला एकदा निघे आणि छापण्याआधी त्यावर प्राचार्यांची सही लागे. प्राचार्य साखरेत घोळून बोलणारे. त्यांनी सरांना चहा दिला. बातमी थांबवा असं काही ते म्हणाले नाहीत. नऊ पोरांचा वर्ग चालवणं कसं जड जातंय ते सांगितलं, पुढच्या वर्षीच्या मंजुरीचा कागद अजून आपल्याच टेबलावर आहे तेही सांगितलं. मग म्हणाले, "एकच शब्द घाला, सर. कबूतर आढळल्याचे समजते. म्हणजे मग नावंबिवं द्यायला नकोत."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वर्गच गेला तर उद्याची दुसरी चिमणी शिकायला येणार कुठे, असा सरांनी विचार केला. विचार चांगलाच होता. वाईट कामाच्या शेजारी एखादा चांगला विचार नेहमीच राहायला असतो. सरांनी लाल पेन काढलं, नावं खोडली आणि तो शब्द स्वतःच्या हाताने लिहिला.

अंक निघाला त्या सकाळी चिमणी आली. भांडली नाही. "सर, मला समजलं नव्हतं," ती म्हणाली. "मी पाहिलं होतं."

तू अजून लहान आहेस, असं काहीतरी सर बोलून गेले. बोलल्यावर लाज वाटली, पण तोंडातून सुटलेला शब्द परत कुठे येतो.

कबूतर नळवाल्याने आपणहून काढलं होतं, पण टाकी धुवायला आणि झाकण आणायला हुकूम लागतो. मुलींनी अंक जोडून ऑफिसात अर्ज दिला. उत्तर एका ओळीचं आलं: बातमी ऐकीव स्वरूपाची असल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही. सरांनी ती ओळ वाचली. व्याकरणाची एकही चूक नव्हती.

त्यानंतर आठवड्याभरात वर्ग बंद करण्याचा कागदही आला, तोही गोडच भाषेत. तेल गेलं, तूपही गेलं. चिमणीने कॉलेजातून नाव काढून घेतलं आणि पेटी उचलून ती घरी गेली. सरांना भेटली नाही.

जेवताना सरांनी बायकोला सगळं सांगितलं. ताटातला घास ताटातच राहिला. एरवी टोमण्याला न चुकणारी ती बाई, पण त्या दिवशी तिने सरळच विचारलं, "चूक छापलीत ना? मग दुरुस्ती द्या."

द्यायची कुठे? अंक तर संपलाच होता. मग सरांनी कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, की मागच्या अंकात ‘समजते’ छापले ते चूक आहे, आमच्या विद्यार्थिनीने मेलेले कबूतर स्वतः पाहिले, टाकी अजून धुतलेली नाही. खाली सही केली आणि तो कागद वसतिगृहाच्या नळाशेजारी भिंतीला चिकटवला.

मुली बाटल्या घेऊन येत-जात होत्या. एक थांबली. तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि बाटली नळाखाली धरली. सर म्हणाले, अगं, हे पाणी पिऊ नकोस.

"मग कुठलं पिऊ, सर?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, उत्तर हवं होतं म्हणून विचारलं.

बाटली भरेपर्यंत सर तिथेच उभे राहिले.