होडीची पकड

मुळशी धरणाच्या काठावर होड्या बांधणारा हा माणूस एकेकाळी देशाकडून कबड्डी खेळलाय. तो ते कधी सांगत नाही, पण त्याच्याशी बोलताना मला सारखं वाटतं, आता हा माझा पाय धरणार. गुडघ्यात वाकून उभा राहतो आणि नजर कायम समोरच्याच्या घोट्यावर. खिळेसुद्धा एका दमात जमतील तेवढे ठोकतो, मगच श्वास सोडतो.

परवा नवी होडी पाण्यात सोडायची होती. नारळ फोडायचा मान माझा, म्हणून मी उताराच्या खाली, अगदी पाण्याच्या कडेला उभा होतो. तेवढ्यात दोर सुटला आणि ओंडक्यांवरून होडी थेट माझ्या अंगावर यायला लागली. माझे पाय काही हलेनात.

साठीतल्या या गड्यानं जमिनीवर झेप घेतली आणि होडीचं मागचं टोक कवेत धरलं. चिखलातून फरपटत आला, पण सोडलं नाही. माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर होडी थांबली. काठावरची माणसं बेभान होऊन ओरडत होती.

त्यानं चिखलानं भरलेलं तोंड वर केलं. मला वाटलं, लागलं का म्हणून विचारेल.

"पाव्हणं," तो धापा टाकत म्हणाला, "रेषेच्या अलीकडंच धरली न्हवं?"