खाकी एप्रन

भोपाळच्या ज्या कॉलेजात शिकले, तिथेच आता शिकवते. आज वेल्डिंगचा वास आला आणि पहिलं वर्ष आठवलं. स्कॉलरशिपमध्ये फी भागली होती, एप्रन नाही. बाबा मंडीदीपच्या कारखान्यात फिटर; आईने त्यांच्या जुन्या युनिफॉर्मचाच एप्रन शिवला. सगळ्यांचे नवे, पांढरे, माझा खाकी. वर्कशॉपमध्ये मी लाजून मागेच उभी होते. ठिणग्या उडाल्या तशी त्या पांढऱ्या टेरिकॉटच्या एप्रनांना भोकं पडली. माझी पाळी आली तेव्हा माझ्या जाड सुती कापडाला काही झालं नाही.

सरांनी विचारलं, "बेटा, ये किसने सिला?"

"आईने," मी मराठीतच बोलून गेले.

तेव्हा नुसता अभिमान वाटला. पण स्कॉलरशिपमध्ये आजही फीच भागते. म्हणून मुलांच्या स्कॉलरशिपच्या अर्जावर सही करताना मी त्यांना विचारते, "एप्रन है?" नसला तर माझं कपाट उघडते. आई अजून शिवते, खाकीच.