आईनं घेतलेलं नाव

माझे वडील घरफोड्या करायचे. शिक्षा भोगून सुटले, तरी आसपास कुठं कुलूप तुटलं की पोलीस आमच्याच दारात. शेवटी बहात्तरच्या दुष्काळात आम्ही गाव सोडलं आणि नवं नाव, नवं आडनाव लावून शेवगावात राहिलो. त्या साली खडी फोडायला इतकी परकी माणसं आली होती की कुणी कुणाचं गाव विचारत नव्हतं. वडील बाजारात हमाली करू लागले.

वडिलांच्या नव्या नावाची तालीम आम्हा पोरांकडून रोज करून घेतली जायची. वडील तर स्वतःलाच हाक मारून स्वतःच ओ द्यायचे. आईची तालीम घ्यायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. बायको कुठं नवऱ्याचं नाव घेते?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घेते. गल्लीतल्या बायका आमच्या घरी जमल्या होत्या. मी पंधरा वर्षांचा, त्यांना पाणी देत होतो. बायकांनी आग्रह धरला आणि आई उखाण्यात वडिलांचं जुनं नाव घेऊन मोकळी झाली.

"अगं बया, ह्ये कुनाचं नाव?" शेजारची म्हातारी म्हणाली.

आई पांढरीफटक. पुन्हा बिऱ्हाड उचलायचं, या भीतीनं मी घाईघाईत म्हणालो, "धाकट्या चुलत्याचं हाय. ते गावाकडं असत्यात."

बिऱ्हाड वाचलं, आईची अब्रू गेली.

दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या रांगेत सुरू झालं, "काय वैनी, भावजी कवा यायचे?" वडिलांची मात्र गल्लीला दया आली. वाटीवाटीनं कोरड्यास घरपोच येऊ लागलं. वडील बिलंदर. बायकांसमोर सुस्कारे टाकायचे आणि जेवताना आईला विचारायचे, "त्यो माझ्यापरीस देखना हाय का गं?"

"चोर हुता मेला!" आई लाटणं उगारायची.

पण पाण्याला जाताना तिची मान खाली असायची. मी एकदा म्हणालो, खरं सांगून टाकू. "गप बस," ती म्हणाली. "चोराच्या पोरीला कोन करून घील? तुझ्या बहिनीचं लगीन व्हायचंय."

बहिणीचं लग्न झालं, नातवंडं झाली, वडील गेले, तरी मी गप्पच. आईच्या तेराव्याला त्या म्हातारीच्या सुनेनं हळूच विचारलं, "चुलते आले न्हाईत व्हय?"

तर आता लिहून ठेवतो. मला चुलता नव्हता. आईनं आपल्या नवऱ्याचंच नाव घेतलं होतं, आणि त्या दिवशी आमच्या घरात खरं बोललेली ती एकटीच होती.