सहा मेंढ्या आणि मॅडमचा चहा

"बाह्या वर कर," मॅडम म्हणाल्या. अख्ख्या वर्गासमोर.

केल्या. मॅडमनी तळहात उलटेपालटे करून पाहिले. वेणी उचलून मानेवर पाहिलं. जणू सगळा स्पेन मी केसांत लपवून आणलेला.

गुन्हा एवढाच. स्पॅनिशच्या चाचणीत 'त्राबाखार', म्हणजे काम करणे, याची भूतकाळातली सहाही रूपं बरोबर. वर्गात एकटीची.

आम्ही सांगोल्याकडचे, मेंढरंवाले. मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या घड्या घालते. कंपनीच्या एक्स्पोर्ट ऑफिसात स्पॅनिश येणारं माणूस हवं होतं. त्यासाठी परीक्षा, परीक्षेच्या फॉर्मवर मॅडमची सही लागणार.

माझा बाप तीनशे मेंढरांत कुठली कुणाची लेक ते नुसत्या पाठीवरून सांगतो. धुळीत सांगतो. झोपेतही सांगत असेल. तसंच मी केलं. सहा रूपं, सहा मेंढ्या. 'त्राबाखे', मी काम केलं, ही काळतोंडी, सगळ्यांच्या पुढं. 'त्राबाखारोन', त्यांनी काम केलं, ही लंगडी, शेवटची. पाळीभर घड्या घालत त्यांना हाकलं. एवढ्या घड्या, की सोलापूर तीनदा पुसून निघेल.

"तुमच्यात मेंढरं तरी मोजता येतात का गं?" मॅडमनी विचारलं. वर्ग हसला.

मी तिथंच उभ्यानं कळप सोडला. त्राबाखे, त्राबाखास्ते, त्राबाखो, त्राबाखामोस, त्राबाखास्तेइस, त्राबाखारोन. मग लंगडीपासून उलटा फिरवला. एक मेंढी चुकली नाही. हसणं थांबलं.

"पाठांतर आहे नुसतं. समज वेगळी असते," मॅडम म्हणाल्या. "जा, चहा टाक."

वर्ग त्यांच्याच हॉलमध्ये भरायचा. बाराजण शिकायला, चहाला मी एकटी. सहा महिन्यांत इतका उकळला, की उजनीत ओतला असता तर धरणाचे दरवाजे उघडावे लागले असते. साखरेचा डबा कुठंय ते मॅडमपेक्षा मला जास्त ठाऊक. त्या दिवशीही पाय आपोआप स्वयंपाकघराकडं वळले. पायांचीच लाज वाटली. थांबले.

टेबलावर माझा फॉर्म. शेजारी पेन, टोपण काढलेलं.

"मॅडम, आज दुसऱ्या कुणाला सांगा की."

"मग सहीपण दुसऱ्याचीच घे."

बिनसहीचा फॉर्म उचलला. चपला घातल्या.

बाहेरून परीक्षेला बसता येतं, तिथं मास्तरांची सही लागत नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी शोधलं. फॉर्म माझ्या सहीनं गेला.

पास झाले की ऑफिसात विचारतील, कोणी शिकवलं? बापाचं नाव सांगणार. आणि चहा टाक म्हणाले, तर खुर्चीतून उठणार नाही.