शेजाऱ्याचे पेढे, वकिलाची सनद

आम्ही दावा हरलो, त्याचे पेढे आम्हीच खाल्ले. मायनं तर दोन खाल्ले.

रोहण्याला आमचं किराणा दुकान. मागच्या बोळातून पोती आत यायची. शेजारच्या लोखंडी सामानवाल्यानं एका दिवाळीत त्या बोळात भिंत घातली, तेव्हापासून पोती पुढून, गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून यायला लागली. बाबा आर्वीच्या कोर्टात गेले आणि त्यांनी एक वकील धरला. पांढरे केस, तोंडात साखर.

कोर्टाच्या तारखेला आमच्याकडे पेशी म्हणतात. दर पेशीला बाबा दुकान मायवर टाकून आर्वीला जात. वकील साहेब त्यांना आवारातल्या चहाच्या टपरीवरच गाठत, खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, "शेटजी, आज काही होत नाही. पुढच्या पेशीले पाहू." चहाचे पैसे बाबा देत आणि परत येत. कोर्टाच्या पायऱ्या चढायची वेळच आली नाही.

मी तेव्हा वर्ध्याला शिकत होते. आमच्या घराण्यात कॉलेजचं दार ओलांडणारी मी पहिली, हे मी आजही कोणी न विचारता सांगते. बी.ए. झाले त्या दिवशी मी शेजाऱ्याकडेही पेढे घेऊन गेले. आमचं भांडण भिंतीशी आहे, माणसाशी नाही, असं बाबांचं म्हणणं.

शेजाऱ्यानं पेढा तोंडात टाकला. "बरोबरी झाली आता. माह्या जिंकल्याचे तुमी खाल्ले, तुह्या पास झाल्याचे मी."

"कायच्या जिंकल्याचे?"

"भिंतीच्या! दावा खारीज झाला ना तुमचा, मागच्या उन्हाळ्यात. तुमचा वकीलच उभा राह्यला नाई. मले वाटलं, तुमाले मालूम हाय. तुह्या मायनं तं दोन उचललेते!"

ते पेढे कायचे, हे आम्ही तेव्हा विचारलंच नव्हतं. म्हणजे दावा मरून वर्ष झालं होतं आणि बाबा अजून पेशीला जात होते, चहा पाजत होते. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन कोर्टात गेले. तिथल्या बाबूनं तेच सांगितलं.

वकिलाविरुद्ध तक्रार लिहून द्यायला आर्वीतला एकही वकील तयार होईना. "बाई, आमाले इथंच राहाचं हाय," एवढंच. मग मीच लिहिली, सरळ मराठीत. अशा तक्रारी मुंबईला वकिलांचीच एक समिती ऐकते. दोष शाबीत झाला तर सनद काढून घेते. मग काळा कोट नुसता थंडीपुरता.

बोलावणं आलं. पुलगावला गाडीत चढलो, तर समोरच्या बर्थवर वकील साहेब! पेशी एकच, तशी गाडीही एकच. बाबांनी सवयीनं नमस्कार घातला. मी खिडकीबाहेर पाहत बसले. धामणगाव गेलं, बाबांनी डबा उघडला आणि निम्मी भाकर, झुणका, ठेचा वकिलापुढे सरकवला.

"बाबा, काऊन?"

"उपाशी बसून राह्यला ना तो."

भाकर पोटात गेल्यावर वकील साहेबांना कंठ फुटला. "शेटजी, पोरगी नवी शिकलेली, गरम हाय. तुमी समजदार. सनद गेली तं या उमरीत मी काय करू? तक्रार वापस घ्या. दावा परत उभा करून देतो, फुकट."

बाबांनी डब्याच्या झाकणातला ठेचा बोटानं पुसून खाल्ला. "पाहू ना, पुढच्या पेशीले."

वकील साहेब खूश. समितीपुढे त्यांनी तब्येतीचं कारण सांगून तारीख वाढवून घेतली. पुढल्या वेळीही तेच झालं. तीच गाडी, तीच विनवणी, बाबांचं तेच उत्तर. माय आता तीन माणसांच्या भाकरी बांधायला लागली. "वकिलाले ठेचा तिखट तं नाई लागत ना?" असंही विचारायची. मला वाटलं, झालं, बाबा विरघळले. आता हा माणूस सनदेसकट सुटणार आणि टपरीवर दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर हात ठेवणार.

एकदा मी सरळ विचारलं, "तक्रार मागं घेता काय? खरं सांगा."

"पुढच्या पेशीले सांगतो," बाबा म्हणाले. मलाही तेच!

शेवटी समितीनं तारीख वाढवायला नकार दिला. टेबलामागे तिघं बसलेले. मधल्या साहेबांनी विचारलं, "तुमच्यातर्फे कोण बोलणार?"

"हे आमची पोरगी. बी.ए. हाय," बाबा म्हणाले.

मी तोंड उघडायच्या आत वकील साहेब हात जोडून उभे. "समझोता झाला आहे, सर. शेटजी तक्रार मागे घेत आहेत. येताना आम्ही सोबतच जेवलो."

साहेबांनी बाबांकडे पाहिलं.

"जेवलो, हे खरं हाय," बाबा म्हणाले. "समझोता नाई झाला."

"शेटजी! तुमीच तं म्हणत होते, पुढच्या पेशीले पाहू!"

"हाव, म्हणत होतो. तुमी मले टपरीवर म्हणत होते ना, तसंच. दावा खारीज झाल्यावरबी वर्षभर म्हणत होते. मले वाटलं, कोर्टाच्या कामात असंच म्हणाचं असते."

डावीकडच्या साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. मधले हसले नाहीत. "दावा खारीज झाल्याचं पक्षकाराला कळवलं होतं?" त्यांनी विचारलं. वकील साहेबांनी पुढची तारीख मागितली.

सनद गेल्याचा कागद घरी आला, त्या दिवशी मायनं पेढे आणवले आणि पहिले शेजाऱ्याकडे नेले. मीही मागोमाग गेले. त्यानं पेढा उचलला आणि हात तसाच थांबवला.

"आधी सांगा, कायचे?"

"वकिलाच्या सनदेचे," माय म्हणाली. "आन् वर्ध्याचा नवा वकील केला म्हणून."

"मंग भिंतीचं?"

"पाहू ना," माय म्हणाली, "पुढच्या पेशीले."

त्यानं पेढा परत ठेवला.