मोकाट जनावरांचे नवे दर

नगरपालिकेत नोकरी करणाऱ्याला लग्नाच्या मांडवात कोणी गप्प बसू देत नाही. "काय बे, हापिसात नवीन काय?" मग सुरू! पण मोकाट जनावरांचे नियम आणि दर बदलले, त्या दिवसांतले किस्से सांगताना मी हसतो खरा, कान मात्र गरम होतात.

जुने नियम निजामाच्या काळातले. मीटिंगमध्ये मी वाचत होतो, "कोंडवाडा फी. गाय, म्हैस, घोडा, उंट, हत्ती..."

"हत्ती काढा," मुख्याधिकारी साहेब म्हणाले.

एक नगरसेवक उठले. "कावून? उद्या आला तर फुकट सोडायचा का?"

लई चर्चा झाली. शेवटी मतदान! हत्ती राहिला. कुत्रा टाकायचं मात्र सगळेच विसरले. त्याच्यासाठी दुसरी मीटिंग.

*

पाळलेल्या कुत्र्याला परवाना सक्तीचा, हा ठराव आमच्या वॉर्डाच्या नगरसेवक आप्पांनी मांडला. तपासणीला मी आणि जनावरं पकडणारे मुनीरभाई त्यांच्याच दारात. ओट्यावर शेरू पसरलेला, गळ्यात पट्टा.

"आप्पा, परवाना?"

"आपला न्हाई तो. मोकाट हाय."

मुनीरभाईंनी शांतपणे जाळी काढली. तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज, "शेरू, भाकर खायला ये रे!"

शेरू उठला आणि आप्पांच्या पायांमधून घरात गेला. लाजून आम्हीच म्हणालो, "चला, येतो!"

*

कचऱ्याच्या गाडीवर सूचना वाजवायची होती. आवाज माझा. घाईत वाक्य उलटंपालटं झालं: "मोकाट फिरणारे मालक पकडून कोंडवाड्यात घालण्यात येतील!" दिवसभर गावभर तेच.

संध्याकाळी एक बाई खिडकीशी आली. "साहेब, आमचे मालक दोन दिस झाले घरी न्हाईत. गेवराई रोडच्या ढाब्यावर असतील. पकडा, आन लवकर सोडू नका!"

घरी गेलो तर बायको म्हणाली, "आलात? मला वाटलं, पकडलं."

*

मंडईतल्या व्यापाऱ्यांनी सह्या करून अर्ज दिला, वळू उचला म्हणून. आम्ही गेलो, मुनीरभाईंनी दोर टाकला, आणि तेच व्यापारी भोवती जमले. "देवाला सोडलेला हाय तो! हात कसा लावला?"

मुनीरभाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि दोर माझ्याकडे दिला. "भाऊ, तुमीच धरा. माझ्या हातात नको दिसायला."

मी धरला. व्यापाऱ्यांनी बाजूला होऊन वाट दिली. वळूसुद्धा मुकाट्याने गाडीत चढला.

*

कांताबाईचं सगळं घर ऊसतोडीला गेलेलं, मागं ती आणि म्हैस. म्हैस दावं तोडून हायवेवर गेली, आम्ही आणून कोंडली. नव्या दरात दंड वेगळा, चारापाण्याचा खर्च वेगळा. मी तिला वाचून दाखवलं. ती म्हैस बघायला आत गेली.

हौद कोरडा ठणठणीत. टँकरला सांगायचं राहून गेलं होतं.

बाईने कोपऱ्यातली बादली उचलली. रस्त्यापलीकडच्या हापशावरून पाणी आणलं, म्हशीला पाजलं. परत गेली. शेजारच्या गाईला पाजलं. मग वासराला. मग एकेक करत सगळ्यांना.

साहेब आणि मी व्हरांड्यात उभे. "बाई, राहू द्या, मी कोणाला तरी सांगतो," मी म्हणालो. ती थांबली नाही.

शेवटी पदराला हात पुसत व्हरांड्यात आमच्यापुढे आली. पदराची गाठ सोडली.

"माझ्या म्हशीचं घ्या, साहेब. आन बाकीच्या जनावरांनी बी पाणी प्यालं हाय, त्याचं बी लावून घ्या. तुमचं नुकसान नगं."